दोन घरी जेवलेली गाडी

गाडी माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना वाटेल, हा माणूस आपल्याच गाडीचं रडगाणं गातोय. गाडी गजूची. गजू म्हणजे अमरावतीच्या हॉस्टेलमधला माझा रूम पार्टनर. मी साताऱ्याचा. इंजिनिअरिंगला वऱ्हाडात गेलो आणि शिक्षण संपल्यावर पुण्यात नोकरीला लागलो. गजू तिथेच राहिला. त्याने ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान टाकलं, दुकानाने बाळसं धरल्यावर एक जुनी हॅचबॅक घेतली, तिला इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो बसवला आणि मला फोन केला, "आता हिचं डोकं तू सांभाळ."

डोकं म्हणजे ईसीयू. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची हे ठरवणारा डबा. त्याच्यात आकड्यांचे तक्ते असतात, त्यांना आम्ही मॅप म्हणतो. मी पुण्यात बसून ते तक्ते जुळवायचे, गजूला पाठवायचे, त्याने लॅपटॉपवरून ते गाडीत भरायचे, असं आमचं चाललं होतं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. गाडी सुरू करून तो फोन उघड्या बॉनेटवर धरायचा आणि म्हणायचा, "आइकून राहिला काय?" मी डोळे मिटून ऐकायचो. बायको म्हणायची, आपल्या मंगलाष्टकांकडेही तू इतकं लक्ष दिलं नव्हतंस.

मला गजूचा हेवा वाटतो. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही, पण लपवूनही फारसा उपयोग होत नसावा. गाडी त्याची. घरासमोरची पत्र्याची शेड त्याची. गावाबाहेर पडलं की सरळसोट मोकळे रस्ते, तेही त्याचेच म्हणायचे. माझ्याकडे सोसायटीने आखून दिलेला पार्किंगचा एक चौकोन आणि त्यात बायकोची स्कूटर. पण त्या गाडीचं डोकं माझं होतं, आणि एवढ्या एका गोष्टीवर मी बाकीचं सगळं गिळत होतो. शिवाय बाकी काही बोलायला आता उरलंही नव्हतं आमच्याकडे. कॉलेजच्या गप्पा संपल्या होत्या, पोराबाळांच्या चौकशा दोन मिनिटांत उरकतात. गाडी होती म्हणून रविवारचा फोन होता.

पावसाळ्यानंतर ती गाडी बिघडली. उभी असताना आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, आपोआप वर चढायचे, खाली यायचे, पुन्हा वर. मंद चालवली की हिसके. मी तक्ते बदलून पाठवायचो, फरक पडायचा, आणि पुढच्या रविवारी परत तेच. शेवटी डिसेंबरात रजा टाकली आणि निघालो.

धामणगाव रेल्वे

अमरावतीला जायचं तर बडनेऱ्याला उतरायचं. पण गजूने आणखी पुढे, धामणगावला बोलावलं होतं. त्याची थोरली बहीण, मायाताई, तिथे दिलेली आहे. "मी ताईकडं येतो गाडी घेऊन. तिथून संगंच जाऊ. रस्त्यात तुले समजन तरी, कशी वागून राहिली थे," असं फोनवर म्हणाला.

वाटेत अकोल्याला आगगाडी बराच वेळ थांबली. मी फलाटावर उतरून चहा प्यालो, आळोखेपिळोखे दिले आणि परत चढलो. या गावात माझं काही काम असेल असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं. पुढे खिडकीबाहेर काळ्या रानात कपाशी फुटलेली दिसत राहिली, मध्ये तुरीचे पट्टे. पुण्यात रजेच्या अर्जावरून साहेबाशी वाजलं होतं, ते हळूहळू विसरायला झालं.

धामणगाव म्हणजे कापसाचं आणि धान्याचं गाव. स्टेशनबाहेर पडलं की पहिल्यांदा कापूसच दिसतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या इतक्या भरलेल्या की चाकं दिसत नाहीत, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. गजू शेंगा खात उभा होता. मला बघून म्हणाला, "काय बे, वाळला गंज." गंज म्हणजे खूप. आणि मूठभर शेंगा माझ्या खिशात कोंबल्या.

मायाताईने पाटवडीचा रस्सा केला होता. रस्सा असा की पहिल्या घासाला कान गरम झाले. भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची. मी हात आडवा धरला तर ताईने हाताच्या बाजूने वाढलं. "पुण्यात काय खाता बाप्पा तुमी," ती म्हणाली, "पोट्टं पाहा कसं झालं." या वयात कुणी मला पोट्टं म्हणावं याचं बरं वाटलं.

निघताना गाडीत बसल्यावर गजूने आवाज उतरवला. "ताईकडं जेवलो हे वैशालीले सांगू नको."

"का?"

"तिनं रोडगे केले. सकाळपासून करून राहिली."

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाडजूड गोळे, वर तुपाची धार. एक खाल्ला की संध्याकाळपर्यंत भूक फिरकत नाही. मी म्हटलं, "मग ताईला सांगायचं होतंस, घरी जेवायचं आहे म्हणून."

गजूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगितलं होतं. "ताईले नाई म्हणू? तुले कळते काय, काय बोलून राहिला थे?"

आमच्याकडे सोपं असतं. पाहुणा 'जेवून आलो' म्हणतो, यजमान 'अरे, कशाला' म्हणतो, आणि दोघंही सुटतात. वऱ्हाडात 'जेवून आलो' हे वाक्यच नाही. जेवून आलेलं असलं तरी बसायचं, आणि पहिल्या घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. हॉस्टेलात असताना मी हे पाहिलं होतं, पण विसरलो होतो. तेव्हा पोटही मोठं होतं.

चांदूर रेल्वेच्या रस्त्याने

गाडी मी चालवायला घेतली. कापसाच्या ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरमध्ये अडकलो आणि तिने रंग दाखवले. पाय ठेवला की पुढे झेप, उचलला की खाली मान, पुन्हा झेप. आम्ही दोघांनी कव्वालीला दाद दिल्यासारख्या माना हलवत चांदूर रेल्वे ओलांडलं. फाटकाला थांबलो तर इंजिन जागच्या जागी उसासे टाकायला लागलं. आवाज वर, आवाज खाली. शेजारी मोटरसायकलवर एक काका होते, त्यांनी हळूच गाडी बाजूला घेतली.

"पाहिलं काय?" गजू म्हणाला. "दुकानापुढं लावली तं लोकं इचारते, दमा हाये काय इले."

पण पुढे रस्ता मोकळा मिळाला, आणि मी पाय दाबला. सगळे हिसके गेले. टर्बोची बारीक शीळ कानावर आली आणि गाडी अशी काही निघाली, की मला हसूच फुटलं. हे आकडे मी लिहिले होते. इतका काळ फोनवर नुसता आवाज ऐकला होता, आज पाठीला तिचा धक्का लागला. आणि लगेच दुसरा विचार आला, की हा माणूस रोज यात बसून बँकेत जातो, भाजी आणतो. मी पाय सैल केला. गजूने विचारलं, "काहून? काय झालं?" मी म्हटलं, ऊन लागतंय.

अमरावती

रोडगे खाल्ले. दोन. वैशालीवहिनींनी तिसरा फोडून त्यात तूप ओतलं तेव्हा मी गजूकडे पाहिलं, पण तो खाली मान घालून इमानदारीत जेवत होता. ज्याने बहिणीकडे चार भाकरी हाणल्या तोच हा माणूस, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. मला मात्र दुपारभर उताणं पडून राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये कामाला लागलो. आधी सोपं बघायचं. आरपीएम असे झोके घेत असतील तर पहिला संशय हवेच्या गळतीचा. कुठल्यातरी नळीला बारीक चीर असली, की इंजिन चोरून हवा ओढतं आणि हिशोब चुकतो. मी उदबत्ती पेटवून एकेका जोडाजवळ धरली. गळती असेल तिथे धूर आत खेचला जातो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि मला बॉनेटसमोर उदबत्ती फिरवताना बघून म्हणाल्या, "पूजा होऊ द्या, मंग ठेवते." धूर कुठेच वळला नाही. मग हवेची झडप उघडून काजळी पुसली, सेन्सरच्या तारा हलवून पाहिल्या. गाडीचे झोके चालूच.

मध्येच गजू मला गिला वडा खायला घेऊन गेला. वडा दह्यात आणि चटण्यांत बुडवून देतात. मी असाच वडा पुण्यात दोनदा मागवला होता आणि दोन्ही वेळा अर्धा पानात टाकला होता. हा मी वाटी पुसून खाल्ला. इतकं सगळं एकाच गावाला कसं मिळतं, असं मनात आलं.

परत येऊन लॅपटॉप जोडला आणि या वेळी एक गोष्ट पहिल्यांदाच केली. आजवर मी फक्त तक्ते पाठवत होतो. गजूकडून यायची ती नोंद, म्हणजे गाडी चालताना काय झालं ते आकडे. डब्यात प्रत्यक्षात काय भरलंय हे मी कधी उलटं वाचून घेतलं नव्हतं. कशाला घेणार? भरणारा मीच. आता वाचून घेतलं.

उभ्या गाडीचे आरपीएम सांभाळायचे दोन मार्ग असतात. फेरे कमी झाले की हवेची झडप थोडी उघडायची, हा एक. ठिणगी जरा लवकर टाकायची, हा दुसरा. मी पहिला वापरला होता, दुसरा बंद ठेवला होता. पडद्यावर दुसराही चालू होता, आणि जोरात चालू होता. फेरे जरा उतरले की माझी झडप हवा ओतायची आणि त्याच वेळी ती ठिणगी ढकलायची. दोघांच्या मदतीने फेरे उसळायचे. मग दोघंही एकदम मागे ओढायचे. आणि हिसक्यांचंही मूळ हेच. पाय उचलला की पेट्रोल बंद, फेरे एका रेषेखाली आले की पुन्हा चालू, अशी सोय मी केलेली होती. फेरेच वरखाली होत असल्याने मंद चालीत गाडी त्या रेषेवर येरझारा घालत होती. पेट्रोल बंद, चालू, बंद.

दोष सापडल्याचा आनंद मला झालाच नाही. ते ठिणगीचे आकडे माझे नव्हते. कुणीतरी ते विचार करून बसवले होते, आणि वाईट बसवले नव्हते, हे जास्त लागलं. सांगताना हसू येतं, पण घरी आल्यावर आपल्या खुर्चीत दुसऱ्याची ऊब लागावी तसं झालं.

"गजू, या गाडीला आणखी कोणाचा हात लागलाय?"

गजू पाना पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, "नदीमचा."

"कोण नदीम?"

"अकोल्याचा. दर शुक्रवारी सामान आणायले जातो नं मी. नमाजनंतर थो मोकळा असते. गॅरेज हाये त्याचं. म्हणे, भाऊ, गाडी उभ्यानं जराशी थरथरते, मी पाहतो. आता त्याले काय सांगू, नको पाहू?"

"हो. असंच सांगायचं."

"कसं सांगू बे? इतक्या मनानं म्हणून राहिला माणूस."

"आणि माझे आकडे? ते पुसून टाकतो का?"

"नाई, नाई. तुझं थो तसंच ठेवते. वरून आपलं टाकते." हे त्याने मला दिलासा म्हणून सांगितलं. "मंग तुझं नवीन आलं का मी थे भरतो. मंग शुक्रवारी थो पुन्हा आपलं टाकते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"आणि त्याला? त्याला माहीत आहे मी कोण ते?"

"हाव," गजू म्हणाला. "त्याले समदं माहीत हाये."

मी बॉनेट लावलं. जरा जोरातच लागलं. गाडी दोन घरी जेवत होती, आणि दोन्ही घरी पोटभर. जेवू घालणाऱ्यांपैकी फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

नांदगाव पेठ

त्याच दिवशी दुपारनंतर गाडी बाहेर काढली. सुट्टीचा दिवस होता. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यांचे रस्ते रुंद आणि सुट्टीला अगदी रिकामे. गजूला एका फाटकासमोरच्या टपरीवर चहाला पाठवलं आणि मी एकटाच गाडीत बसलो. आता फक्त एक ठरवायचं होतं, की दोघांपैकी कोणाला घरी बसवायचं.

आधी नदीमचं बंद केलं. साहजिकच. झोके थांबले, हिसके थांबले. मी मनातल्या मनात त्याला अकोल्याला पोचवूनही आलो. तेवढ्यात रेडिएटरचा पंखा लागला. पंख्याचा भार आला की इंजिन दबतं. फेरे खाली गेले, माझी झडप उघडली, पण हवा पोचेपर्यंत इंजिन बंद. टर्बो बसवल्यापासून हवेचा रस्ता लांबला होता. झडप उघडून हवा आत यायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ त्या बिचारीकडे नव्हता. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा बंद.

मग माझं बंद केलं आणि त्याचं चालू ठेवलं. झडप एका जागी ठेवून दिली. पंखा लागला, फेरे जरासे दचकले आणि जागेवर आले. ठिणगीला रस्ता कापायचा नसतो, ती लगेच पोचते. मी एसी लावला, दिवे लावले, स्टेअरिंग करकचून फिरवलं. गाडी उभी होती तशी उभी. मला तिचा राग आला.

गजू चहाचे ग्लास घेऊन आला. "काय म्हणते?"

"अकोल्याला जावं लागेल," मी म्हटलं. "त्याला काही गोष्टी विचारायच्या आहेत."

विचारायचं काहीच नव्हतं. मला त्याचं तोंड बघायचं होतं.

अकोला

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या आसपास एका लिंबाखाली थांबून आम्ही वहिनींनी दिलेलं भरीत आणि भाकरी खाल्ली. नदीमकडे काही खायचं नाही, असं मी गजूकडून कबूल करून घेतलं. मला त्याचं पाणीसुद्धा नको होतं.

मी मनात एक कळकट गॅरेज आणि तोंडात मावा धरलेला इसम उभा केला होता. तसा निघाला असता तर फार सोपं झालं असतं. गॅरेज दवाखान्यासारखं होतं. पांढऱ्या फरश्या, भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले. नदीम उंच, इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, नागपूरची इंजिनिअरिंगची डिग्री फ्रेम करून लावलेली. माझी डिग्री पुण्यात लॉफ्टवर आहे.

"आवो भाई, आवो," त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमचं नाव आइकून आइकून माझे कान पिकले. हर जुम्म्याले तुमचंच. सुहास असं करते, सुहास तसं नाई करत. मी याले म्हनलं, मंग जा ना पुण्याले, मले कायले तरास देतं." हे बोलून तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. विदर्भात टर्बोवर आपल्याएवढा हात कुणाचा नाही, हेही त्याने लगेच सांगितलं, आणि हे आपण नाही, लोक म्हणतात, हेही.

त्या क्षणी मला कळलं की हा माणूसही जळतो. त्याने माझं नाव दर शुक्रवारी ऐकलं होतं. मी त्याचं नाव कालच ऐकलं, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त दिवस तो जळत होता. मला थोडं बरं वाटलं. मग वाटलं, गजू याच्यासमोर माझं नाव काढतो, माझ्यासमोर याचं काढत नाही. यात मान कोणाचा झाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लॅपटॉप उघडला. दोन तक्ते कसे एकमेकांच्या पायात येतात ते मी दाखवलं. त्याने ते माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ओळखलं. खरं तर मला वाटतं, त्याला आधीपासून माहीत होतं. तो गजूकडे वळला. "तू याले सांगतलं नाई, मी इथं चालू केलं म्हणून?" गजू भिंतीवरचे पाने मोजत होता.

नदीमने दीर्घ श्वास घेतला. "ठीक हाये. माझं काढतो. गाडी भाईची हाये, पयल्यापासून. मीच मधात आलो." आणि माझ्या हातून लॅपटॉप घेऊन त्याने आपले आकडे बंद केले. एवढा मोठेपणा. मला तो मुळीच सहन झाला नाही.

मी काल काय पाहिलं होतं, ते सांगायची ही वेळ होती. मी सांगितलं नाही. गाडी सुरू झाली. आवाज एकसारखा, शांत. नदीम बाजूला हात बांधून उभा. गजूचा चेहरा उजळला. तोपर्यंत इंजिन तापत होतं, आणि मी पंख्याची वाट बघत होतो. लागू नये असंही वाटत होतं. लागला. फेरे खाली गेले आणि गाडी बंद पडली.

नदीमने माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याचे उपकार. गजूने घाईघाईने पुन्हा चावी फिरवली, गाडी सुरू झाली, आणि काही वेळाने पुन्हा बंद पडली.

"चालते बे," गजू म्हणाला. "थोडं तं चालते. मी सिग्नलले जरासा पाय ठेवत जाईन. कोणती गाडी बंद नाई पडत?" आणि माझ्याकडे बघून हसला. रोडगे जितक्या इमानदारीत खाल्ले, तितक्याच इमानदारीत. पोट फुटायची वेळ आली तरी हा माणूस मला नाही म्हणणार नव्हता. चौकाचौकांत बंद पडणारी गाडी तो सगळा जन्म चालवेल, मागून हॉर्न खाईल, आणि रविवारी फोन धरून म्हणेल, एकदम मस्त हाये.

मला राग आला, त्याचा, माझा, त्या पांढऱ्या फरश्यांचा.

"माझं काढ," मी नदीमला म्हटलं. "झडप एका जागी ठेव. तुझं चालू कर."

"पक्कं?"

"मी काल करून पाहिलंय. तुझंच चालतं."

नदीमने ते केलं. ठिणगी किती ढकलायची तो आकडा थोडा कमीही केला, माझ्या देखत, मला विचारून. पंखा लागला, गाडी हलली नाही. इंजिन किती स्थिर चालतं ते दाखवायला त्याने खिशातून रुपयाचं नाणं काढून इंजिनावर उभं ठेवलं. ते लगेच पडलं. मला उगाच आनंद झाला.

आत घरातून त्याच्या अम्मीने जेवायला हाक मारली. दालचा-भात होता, म्हणजे मटण घातलेली डाळ आणि भात, वास गॅरेजपर्यंत आलेला. मी आत जाऊन नमस्कार केला आणि स्पष्ट सांगितलं, "आम्ही जेवून आलोय, भरीत-भाकरी." गजूने डोळे मिटून घेतले.

अम्मी ताटं मांडत राहिल्या. "गजू तं हमेशाच जेवून येते," त्या म्हणाल्या. "मले मालूम हाये. तोंडाले कांद्याचा वास येते त्याच्या. बसा."

आम्ही बसलो. नदीम माझ्या शेजारी बसला आणि दालच्यातला मटणाचा चांगला तुकडा माझ्या ताटात टाकला. तो खाताना मला काय वाटलं ते सांगत नाही. इतका चांगला दालचा मी कधी खाल्ला नव्हता, एवढंच सांगतो.

पुण्याची गाडी अकोल्याहूनच पकडली. दोघंही स्टेशनवर आले होते. गाडी सुटल्यावर दोघं पाठमोरे, बोलत बोलत बाहेर जाताना दिसले. गजू हातवारे करून काहीतरी सांगत होता. मी वळणापर्यंत बघत राहिलो.

पुणे

पुढचा रविवार उजाडला. मी ठरवून उशिरा उठलो. चहा झाला, पेपर झाला. बायकोने विचारलं, आज गजूभावजींचा फोन नाही? मी म्हटलं, आता कशाला येईल, गाडी बरी झाली.

फोन आला.

"गाडी कशी आहे?" मी विचारलं.

"मस्त. झोपल्यावानी शांत हाये थे. कायची तकरार नाई."

"हिसके?"

"नाई."

"पंखा लागल्यावर?"

"काईच नाई."

वैशालीवहिनींचा मागे कुणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता. मी म्हणणार होतो, बरं, ठेवतो. तेवढ्यात बॉनेट उघडल्याची ओळखीची करकर ऐकू आली, आणि गजू म्हणाला, "आइकून राहिला काय?"

मी डोळे मिटले. आवाज एकसारखा होता. नदीमचा होता, पण एकसारखा होता. मी कान देऊन त्यात एखादी थरथर, एखादा चुकलेला ठोका शोधत राहिलो. सापडेना.

"झालं काय?" गजूने विचारलं. "ठेवू?"

"थांब," मी म्हटलं. "अजून थोडं ऐकू दे."